आमच्या सिस्टर

दरवर्षी १२ मे आला, की वर्तमानपत्रांत फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचं हातात दिवा घेतलेलं चित्र येतं. खाली लिहिलेलं असतं, ‘जागतिक परिचारिका दिन’. आमच्या सिस्टर ते चित्र चष्मा लावून नीट बघायच्या आणि म्हणायच्या, ‘दिवा फार वर धरलाय गं बाईंनी. उजेड पेशंटच्या तोंडावर नाही पाडायचा, चादरीवर पाडायचा. छाती हलतेय एवढं दिसलं, की पुढच्या खाटेकडे जायचं. त्याची झोप मोडता कामा नये.’

२०२३ च्या ऑगस्टमध्ये सिस्टर गेल्या. त्यानंतरच्या मे महिन्यात आमच्या महिला मंडळाने परिचारिका दिनाचा छोटासा कार्यक्रम ठेवला आणि मला त्यांच्याविषयी पाच मिनिटं बोलायला सांगितलं. एरवी माईक हातात आला की मी लवकर सोडत नाही, अशी माझी ख्याती! पण त्या दिवशी उभी राहिले आणि ‘सिस्टर फार चांगल्या होत्या’ एवढं एकच वाक्य बोलून खाली बसले. घरी आल्यावर स्वतःचाच राग आला. बाईंनी ८४ वर्षांच्या आयुष्यात काय काय केलं आणि मी त्यांना एका वाक्यात गुंडाळून टाकलं. म्हणून आता हे लिहायला बसले आहे.

त्यांचं नाव इथे लिहीत नाही, त्यांना ते आवडलं नसतं. तसंही गल्लीत त्यांना नावाने कुणी ओळखत नव्हतं. पोस्टमनपासून भाजीवालीपर्यंत सगळ्यांच्या त्या ‘सिस्टर’. लग्न केलं नाही, त्यामुळे कुणाच्या काकू नाहीत की वहिनी नाहीत.

मी २००१ साली लग्न होऊन मिरजेत आले. मिरज म्हटलं की लोकांना सतारी आठवतात, ख्वाजा मीरासाहेबांचा दर्गा आठवतो, अब्दुल करीम खाँसाहेब आठवतात. माझ्या माहेरी मात्र मिरज म्हणजे दवाखाने. कुणाचं काही मोठं दुखणं निघालं की ‘मिरजेला न्या’ म्हणायचे. त्याचं मूळ १८९४ सालात आहे. विल्यम वानलेस नावाच्या कॅनडातल्या डॉक्टरांनी त्या साली इथे मिशनचं वैद्यकीय काम उभं केलं आणि पुढे कित्येक वर्षं ते इथेच राहिले. १८९७ मध्ये त्यांनी इथे डॉक्टर तयार करण्याची शाळा काढली. कुष्ठरोग्यांसाठी, क्षयरोग्यांसाठी सोयी उभ्या केल्या. सांगली-मिरजेच्या मध्ये वानलेसवाडी आहे, तिथून रोज येणाऱ्या-जाणाऱ्या कितीजणांना ते नाव कुठून आलं हे ठाऊक असेल कोण जाणे. १९२८ साली त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. सिस्टर हे सगळं अशा अभिमानाने सांगायच्या, जणू वानलेस साहेब त्यांचे सख्खे आजोबा!

खरे आजोबा नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या महारवाड्यातले. ख्रिस्ती झालं ते त्या पिढीनं. सिस्टर त्याबद्दल फारसं बोलत नसत. एकदाच म्हणाल्या होत्या, ‘धर्म बदलला गं, विहीर नाही बदलली. आम्हाला पाणी वरूनच वाढायचे.’ वडील लवकर गेले. आईनं मुलीला मिशनच्या बोर्डिंगात ठेवलं. तिथून १९५७ साली, अठराव्या वर्षी, एक पत्र्याची ट्रंक घेऊन त्या मिरजेला नर्सिंग शिकायला आल्या. तेव्हा पुण्याहून मिरजेला येणारी गाडी मीटरगेजची होती. रात्रभर ट्रंकेवर बसून आल्या आणि सकाळी स्टेशनवर उतरल्यावर पहिली गोष्ट केली ती म्हणजे रडल्या.

त्या काळात चांगल्या घरच्या म्हणवणाऱ्या मुली नर्स व्हायला तयार नसत. परक्या पुरुषाचं अंग पुसायचं, मलमूत्र काढायचं, रात्रपाळी करायची, छे छे! ते काम विधवांनी करावं, नाहीतर ख्रिश्चन मुलींनी. आणि मग त्याच घरांतली माणसं आजारी पडली की ‘सिस्टर, सिस्टर’ करायची. हे माझं म्हणणं आहे हं, सिस्टरचं नाही. त्यांना अशी कडवट वाक्यं सुचत नसत.

शिकतानाच्या गोष्टी मात्र त्या रंगवून सांगत. आताच्यासारखी वापरून फेकायची सिरिंज नव्हती. काचेच्या सिरिंजा आणि सुया, सगळं उकळून पुन्हा वापरायचं. सुई कापसावरून ओढून बघायची, एखादा तंतू अडकला की समजायचं टोक बिघडलंय. मग दगडावर घासून धार लावायची. गॉज कापायचं, घड्या घालायच्या, ड्रममध्ये भरायचं. पेशंटची पाठ स्पिरिट-पावडरनं चोळायची. खाट करताना चादरीचा कोपरा पाकिटासारखा दुमडायचा. तो कोपरा नीट नसेल तर त्यांच्या मोठ्या सिस्टर अख्खी चादर ओढून काढत आणि पुन्हा घालायला लावत.

त्या कोपऱ्यापाशीच त्यांची प्रार्थना सुरू झाली. वॉर्ड बायकांचा, लांबलचक, ३० खाटांचा. सकाळच्या घाईत गुडघे टेकून बसायला वेळ कुठला? मग खाटेचा कोपरा दुमडता दुमडता त्या खाटेवरच्या बाईसाठी मनात एक वाक्य म्हणायचं. खाट एक. खाट दोन. पेशंट बदलत, नावं बदलत, त्यामुळे नंबरच लक्षात राहिले. १९९७ मध्ये त्या निवृत्त झाल्या, तरी पहाटे साडेचारला उठून अंथरुणातच एक ते तीस मोजायच्या. मी एकदा विचारलं, ‘सिस्टर, आता तिथे कोण आहे तुम्हाला कुठे माहितेय? तो वॉर्ड तरी तसाच राहिला असेल का?’ तर म्हणाल्या, ‘मला नसेना का माहीत. ज्याला सांगते त्याला माहितेय.’

त्यांची श्रद्धा म्हणजे हे असं होतं. फार गाजावाजा नाही. रविवारी पांढरी सुती साडी नेसून चर्चला जायच्या. नाताळला आमच्याकडे करंज्या, चकल्या, शंकरपाळ्यांचं ताट यायचं, अगदी आपल्या दिवाळीसारखं. घरात भिंतीवर एक साधा लाकडी क्रूस आणि कपाटात बायबल, ‘उपासना संगीत’ हे त्यांच्या भजनांचं पुस्तक आणि लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. हे शेवटचं पुस्तक मी बी.ए.ला असताना अभ्यासासाठी वाचलं होतं. सिस्टरनी ते इतक्यांदा वाचलं होतं, की पानं सुटी झाली होती.

आमची खरी ओळख झाली ती सासूबाईंच्या पायामुळे. २००२ साली त्यांच्या घोट्याच्या वर जखम झाली, शिरा फुगून होते तशी. काही केल्या भरेना. डॉक्टरांनी रोज ड्रेसिंग करायला सांगितलं आणि सिस्टर आपण होऊन येऊ लागल्या. जखम सलाईननं धुवायची, पट्टी पायाच्या बोटांपासून गुडघ्यापर्यंत एकसारख्या ताणानं गुंडाळायची, पाय उशीवर उंच ठेवायचा. तीन महिने, एकही दिवस खाडा नाही. पैशाचं नाव काढलं की पिशवी उचलून चालू पडायच्या.

ड्रेसिंग करताना त्या हळू आवाजात काहीतरी गुणगुणत. सासूबाई माळकरी, त्यांचा कान लगेच तिकडे गेला. ‘कुणाचा हो हा अभंग? तुकोबांचा नाही वाटत.’

‘टिळकांचा,’ सिस्टर म्हणाल्या.

‘लोकमान्यांनी अभंग पण लिहिले?’

सिस्टर पट्टी हातात धरून एवढ्या हसल्या, की सासूबाईही हसायला लागल्या. मग त्यांनी रेव्हरंड टिळकांची गोष्ट सांगितली. नारायण वामन टिळक, कोकणातले ब्राह्मण, १८९५ साली ख्रिस्ती झाले. पण तुकोबांना सोडलं नाही. तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्ताच्या पायाशी पोचलो असं ते म्हणत. त्यांनी ओव्या-अभंगांत ख्रिस्ताची भजनं लिहिली आणि मराठी चर्चमध्ये ती आजही पेटी-तबल्यावर म्हणतात. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘चाल बरी आहे.’

आता एक गोष्ट लिहिताना लाज वाटते, पण लिहायला हवी. ड्रेसिंग झालं की सिस्टरला आमच्याकडे चहा दिला जायचा, वेगळ्या कपात. कान तुटलेला, निळ्या फुलांचा कप होता तो. मांडणीवर नसायचा, मोरीच्या खिडकीत असायचा. मी नवी सून, मला सासूबाईंनी तो कप दाखवून ठेवला होता. चहा पिऊन झाला की सिस्टर स्वतः मोरीत जाऊन तो विसळायच्या आणि खिडकीत पालथा घालून ठेवायच्या. तीन महिने मी हे बघत होते. एक शब्द बोलले नाही. बी.ए.ला समाजशास्त्र होतं माझं!

२००७ च्या मे महिन्यात माझी दुसऱ्या खेपेची वेळ होती. मोठा मुलगा तेव्हा चार वर्षांचा. आठवा महिना भरत आला आणि एका सकाळी जाणवलं, की पोटात काल रात्रीपासून काही हाललेलं नाही. मी सांगलीला ॲडमिट झाले. मूल गेलेलंच जन्माला आलं. मुलगी होती. तिला गुंडाळून नेलं, मला दाखवलं नाही. ‘नको बघूस, विसरायला सोपं जाईल,’ असं सगळ्यांचं म्हणणं. माझीही मागायची हिंमत झाली नाही.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी दूध आलं.

हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मूल नाही तरी दूध येतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. छाती दगडासारखी झाली, अंगात कणकण, ब्लाऊज भिजायला लागला. मी मोरीत दार लावून बसले. नवऱ्याला सांगवेना, सासूबाईंना सांगवेना. सासूबाईंनी मात्र ओळखलं असणार, कारण अर्ध्या तासात सिस्टर आल्या आणि त्यांना बोलवायला घरातून दुसरं कोण जाणार होतं?

सिस्टरनी दार वाजवलं. ‘उघड पोरी, मी आहे.’ आत येऊन त्यांनी काही विचारलं नाही, काही समजावलं नाही. हात बघितला, ताप बघितला. मग बाहेर गेल्या आणि बाजारातून मोगऱ्याच्या कळ्यांचे दोन पुडे घेऊन आल्या. कळ्या दोऱ्यात ओवल्या, जुन्या मऊ लुगड्याच्या पट्टीत घालून छातीवर ठेवल्या आणि वरून बेताचं बांधलं. ‘जुन्या बायकांची युक्ती आहे. आम्ही वॉर्डात पण करायचो. फुलं सुकली की बदलायची. पिळून काढायचं नाही हं, जेवढं काढशील तेवढं आणखी येईल. फार ठणकलं तर गार पाण्याची घडी ठेव. ताप वाढला किंवा एकाच जागी लाल झालं तर लगेच मला सांग.’ पाच दिवस सकाळ-संध्याकाळ त्या मोगरा घेऊन येत होत्या. सहाव्या दिवशी दूध ओसरलं.

मोगऱ्याचा वास मला अजून सहन होत नाही. गजरा मी अबोलीचाच घेते.

त्या पाच दिवसांतल्या एका संध्याकाळी मी त्यांच्यावर ओरडले. त्या पट्टी बदलत होत्या, ओठ हलत होते, म्हणजे माझ्यासाठीच काहीतरी म्हणत असणार. मी म्हटलं, ‘कशाला म्हणताय? माझी पोर पोटात गुदमरली तेव्हा तुमचा देव काय करत होता? आणि आमचा तरी काय करत होता?’

त्यांनी गाठ मारून पूर्ण केली. मग खाटेवर माझ्या पायाशी बसल्या, आणि मी तोवर त्यांच्या तोंडून कधी न ऐकलेली गोष्ट सांगितली.

शिक्षण झाल्यावर मधली चार वर्षं त्या दुसऱ्या एका गावी नोकरीला होत्या. कुठल्या ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. १९६४ साल. रात्रपाळी, वॉर्डात त्या एकट्या. बावीस नंबरच्या म्हातारीचा श्वास लागला होता, म्हणून त्या तिच्यापाशी होत्या. अकरा नंबरला संध्याकाळीच बाळंत झालेली एक मुलगी होती, वीस वर्षांची असेल. तिने एकदा हाक मारली, ‘बाई, गार वाटतंय.’ सिस्टर म्हणाल्या, ‘आले हं.’ म्हातारीला सोडून त्या पोचल्या तेव्हा खाटेखाली रक्ताचं थारोळं झालं होतं. मग सगळं केलं. पोट चोळलं, इंजेक्शन दिलं, खाटेचं पायथं उंच केलं, डॉक्टरांना उठवायला वॉर्डबॉय पळवला. पण पहाटे ती गेली. म्हातारी वाचली.

‘गार वाटतंय म्हणाली तेव्हाच मला कळायला हवं होतं,’ सिस्टर म्हणाल्या. ‘शिकवलेलं होतं आम्हाला. बाळंतिणीला गार वाटलं, की आधी तिच्याकडे जायचं. मी म्हातारीचा श्वास बघत बसले. कुणी मला दोष दिला नाही. डॉक्टर म्हणाले, तू एकटी काय करणार? पण मी विचारलं देवाला, तू म्हणालास तसंच. तू काय करत होतास? ४३ वर्षं झाली विचारतेय.’

‘मग? काय म्हणाला?’

‘अजून काही नाही म्हणाला.’

मी त्यांच्याकडे बघत राहिले. मला वाटलं होतं त्या काहीतरी समजुतीचं सांगतील. देवाची इच्छा, देवाघरचं फूल, जे येणारे-जाणारे आठवडाभर सांगत होते तसलं काहीतरी.

‘मग तुम्ही सोडलं का नाही?’

‘कुठं जाऊ? ज्याच्यावर रागावलेय, त्याला सोडून दुसऱ्या कुणाशी भांडू?’ असं म्हणून त्या उठल्या. दाराशी जाऊन पुन्हा मागे वळल्या. ‘मी गेले होते काल सांगलीला. तुझ्या दवाखान्यात. ड्यूटीवर जी नर्स होती तिला भेटले. केस भरपूर होते म्हणाली. काळेभोर. आणि हनुवटी तुझी होती.’

माझी मुलगी कशी दिसत होती हे मला त्यांच्यामुळे कळलं. ६८ वर्षांची बाई उन्हाच्या कारात एस.टी.ने सांगलीला गेली, अनोळखी नर्सला शोधून काढलं आणि माझ्यासाठी दोन वाक्यं घेऊन आली.

त्यानंतर महिनाभराने मी तो निळ्या फुलांचा कप फोडला. मुद्दाम फोडला, पण हातून पडला असं सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, ‘बरं, काचा नीट भर.’ पुढे सिस्टरला आमच्याच कपातून चहा मिळू लागला. सासूबाईंनी विषय काढला नाही. पण त्यांनी स्वतः सिस्टरच्या घरचं पाणी शेवटपर्यंत घेतलं नाही. नाताळचं ताट घरी यायचं, त्यातली करंजी मुलं खायची, मी खायची, त्या ‘मला तळकट चालत नाही’ म्हणायच्या.

मी मंडळाच्या कामात पडले ती पुढे दोन-तीन वर्षांनी. घरात बसवेना म्हणून. तिथे बायकांची एक तक्रार सारखी यायची, की घरात कुणी अंथरुणाला खिळलं की काय करायचं कळत नाही. तेव्हा मी २०११ मध्ये घरगुती शुश्रूषेचा वर्ग घ्यायचं ठरवलं आणि शिकवायला सिस्टर. यावर एक-दोघींनी कुजबूज केली. बाई ख्रिश्चन आहेत, उद्या बायबलं वाटतील, गरीब बायकांना ओढून नेतील! मला काय बोलावं सुचेना. शेवटी ओशाळत सिस्टरच्या कानावर घातलं. त्यांना राग आला नाही, उलट डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. ‘अगं, मला माझ्या एका पुतण्याला रविवारी चर्चला न्यायला जमलं नाही. तुमच्या अख्ख्या मंडळाला कुठं नेऊ?’

वर्ग झाला. बारा बायका होत्या. पेशंटला दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं. टाचा, माकडहाड, खुबे रोज उजेडात बघायचे, लाल दिसलं की समजायचं कातडं फाटायची तयारी चाललीय. आडवं ठेवून भरवायचं नाही, पाठ उंच करून भरवायचं, नाहीतर घास श्वासात जातो. तोंड आतून पुसायचं. कुणाचंही अंग पुसताना जेवढं पुसतो तेवढंच उघडं ठेवायचं, बाकी झाकायचं, मग ती आपली सख्खी आई असली तरी. ‘लाज शेवटपर्यंत असते माणसाला,’ हे त्या पुन्हा पुन्हा सांगायच्या. त्या बारांपैकी सहाजणींना पुढे रुग्णसेवेची कामं मिळाली. त्यातल्या एकीनं त्यावर दोन मुलींची शिक्षणं केली.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला, सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. पूरग्रस्तांची राहायची सोय शाळाशाळांत केली होती. सिस्टर तेव्हा ८० वर्षांच्या. माझ्याबरोबर हट्टानं आल्या, एका बाकावर बसल्या आणि तासाभरात मला बोलावून म्हणाल्या, ‘बिस्किटांचे पुडे मोजलेस का? एवढ्या बायका आहेत, त्यांच्या कपड्याची सोय कुणी केली? आणि आडोसा कुठाय?’ खरंच, सगळे बिस्किटं आणत होते. पॅड कुणीच आणले नव्हते. संध्याकाळपर्यंत आम्ही खोके मिळवले आणि एका वर्गाच्या खिडक्यांना चादरी लावल्या.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ च्या एप्रिलमध्ये, गल्लीतलं एक घर अख्खं पॉझिटिव्ह निघालं. नवरा, बायको, म्हातारी आई. त्यांच्या दारावरून जायलाही लोक घाबरत. सिस्टरना घरात जायला आम्ही सगळ्यांनी मनाई केली, तर रस्त्याच्या पलीकडे प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसल्या, मास्क लावून, मांडीवर फोन. खिडकीतून त्या मुलाला ऑक्सिमीटरचा आकडा ओरडून विचारायच्या. पालथं झोप म्हणून सांगायच्या. आकडा चौऱ्याण्णवच्या खाली गेला तसं त्यांनी मला सांगून ॲम्ब्युलन्स बोलावली. मुलगा परत आला. आई नाही आली. त्या रात्री सिस्टरच्या घरातला दिवा उशिरापर्यंत जळत होता.

२०२३ चा पावसाळा सुरू झाला आणि त्यांचं हृदय थकलं. पाय सुजले, चार पावलं टाकली की धाप. पुतण्या पुण्याहून आला, चला म्हणाला. त्या गेल्या नाहीत. मग वर्गातल्या त्या सहाजणींपैकी चौघींनी आपसांत पाळ्या लावल्या. दर दोन तासांनी कुशीवर वळवणं, टाचा बघणं, पाठ उंच करून भरवणं. सिस्टर पडल्या पडल्या चुका काढायच्या. ‘चादरीला सुरकुती आहे.’ शेवटपर्यंत त्यांच्या अंगावर एक जखम झाली नाही.

एका संध्याकाळी मी एकटीच होते. त्या छताकडे बघत म्हणाल्या, ‘प्रार्थना येत नाही गं.’

मला आधी कळलं नाही.

‘शब्दच येत नाहीत. डोळे मिटते, पण आत काही नसतं. दहा-बारा दिवस झाले.’ त्यांचा आवाज घाबरल्यासारखा होता. इतक्या वर्षांत मी त्यांना घाबरलेलं पाहिलं नव्हतं.

मी फार अस्वस्थ झाले. आपण काय बोलणार? पाळकसाहेबांना बोलावू का विचारलं, तर म्हणाल्या, ते येऊन गेले, चांगलं बोलले. मी बायबल काढलं आणि खूण घातलेलं स्तोत्रांचं पान वाचू लागले. मला ते वाचायची सवय नाही. माझी जीभ अडखळत होती, आणि खोटं कशाला सांगू, कुणी बघत तर नाही ना असंही क्षणभर वाटून गेलं. त्या ऐकत होत्या. पण चेहऱ्यावर काही उमटत नव्हतं.

मग म्हणाल्या, ‘ते राहू दे. खाटा मोज.’

‘मी?’

‘मोजायला काय लागतं? मोज. हळू मोज. पळायचं नाही.’

मी मोजू लागले. खाट एक. खाट दोन. मनात काय म्हणायचं हे मला ठाऊक नव्हतं, म्हणून प्रत्येक आकड्याला एखादी बाई डोळ्यांसमोर आणत होते. मंडळातली, दवाखान्यात बघितलेली, पुरात बघितलेली. पाचेक खाटा झाल्यावर त्यांची बोटं चादरीवर हलायला लागली, कोपरा दुमडल्यासारखी. सासूबाई पेजेचा डबा घेऊन दारात आल्या होत्या, त्या तिथेच उभ्या राहिल्या. मी तीसपर्यंत गेले आणि थांबले.

‘आणि तिकडची अकरा,’ सिस्टर म्हणाल्या.

म्हणजे ती रोजच मोजली जात होती. १९६४ पासून, रोज पहाटे, तीस झाल्यावर. मला हे त्या दिवशी कळलं.

‘आणि तिकडची अकरा,’ मी म्हटलं. त्यांनी डोळे मिटले. पुढचे आठ दिवस आम्ही जी कुणी तिथे असू ती संध्याकाळी खाटा मोजत होतो. नवव्या दिवशी पहाटे त्या गेल्या, माझी पाळी नव्हती तेव्हा.

दफनाला बरीच गर्दी होती. निम्म्याहून जास्त माणसं चर्चला न जाणारी. टिळकांचं भजन म्हटलं गेलं, तेव्हा चाल ओळखीची वाटली, ड्रेसिंगच्या वेळची. ज्याने-त्याने मूठभर माती टाकली. सासूबाई गुडघ्यांमुळे आल्या नव्हत्या, पण मी परत येईपर्यंत त्यांनी जेवण केलं नव्हतं आणि मी पाय धुऊन आत आल्यावर विचारलं, ‘गाणं म्हटलं का त्यांचं?’

पुतण्याने घर आवरताना मला हवं ते घेऊन जा म्हटलं. मी ‘स्मृतिचित्रे’ची ती सुटी पानं घेतली आणि एक स्टीलचा किडनी ट्रे, ज्यातून त्या सासूबाईंच्या ड्रेसिंगचं सामान आणायच्या. ट्रे स्वयंपाकघराच्या कट्ट्यावर ठेवला होता. दोन दिवसांनी सकाळी बघते तर तो तिथे नाही. सासूबाई अंगणात होत्या, जास्वंदीपाशी. ट्रे दोनदा घासून घेतलेला दिसत होता. देवाची फुलं त्या त्यात काढत होत्या.